जुनी आरएक्स १००, वाकलेलं हँडल, नवीन कुठलं घेऊ?

घोडबंदरवाला
नमस्कार मंडळी. बाबांची यामाहा आरएक्स १०० आहे, १९९३ ची, एमएच ०४ पासिंग, पहिल्यापासून आमच्याच घरात. बाबा आता चालवत नाहीत, मी रोज कासारवडवली ते महापे जातो तिच्यावर, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली असा रस्ता. मागच्या महिन्यात बहिणीकडे मीरा रोडला निघालो होतो, गायमुखच्या घाटात पाणी भरलेला खड्डा दिसलाच नाही, गाडी डाव्या बाजूला पडली. मला गुडघ्याला खरचटलं तेवढंच, पण हँडल डावीकडे आत वाकलं. जवळच्या गॅरेजवाल्याने गॅसवर लाल करून वीस मिनिटात सरळ करून दिलं, तेव्हा वाटलं काम झालं.

आता प्रॉब्लेम असा की दिसायला सरळ आहे पण डावा हात उजव्यापेक्षा पुढे गेल्यासारखा वाटतो, आणि ऐरोली यायच्या आत डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. पहिले असं कधीच नव्हतं. म्हणून हँडलच बदलून टाकायचं ठरवलंय. तीन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे ओरिजिनलसारखाच क्रोमचा पाइप, दुसरं मधे आडवी दांडी असलेलं उंच हँडल, पाठ सरळ राहील म्हणून, आणि तिसरं झीरो हँडल, म्हणजे सपाट, अरुंद आणि खाली असलेलं, ते ऑफिसमधला मित्र सुचवतोय. ज्यांनी जुन्या गाडीला बदललंय त्यांनी प्लीज सांगा, गाडी बाबांची आहे, उगाच काहीतरी करून ठेवायचं नाहीये मला.

दिघ्याचा टू स्ट्रोक
भाऊ पहिलं काम, त्या गरम करून सरळ केलेल्या पाइपवर उद्यापासून ऑफिसला जाऊ नकोस. कुठलं घ्यायचं ते नंतर ठरव, पण हा आधी उतरव. आपल्याकडे रस्त्यात रोज शंभर हादरे बसतात आणि ते सगळे त्याच जागी येतात जिथे पाइप एकदा वाकून परत सरळ झालाय.

कोपरीकर
+१. माझ्या चुलत भावाचं असंच सरळ केलेलं हँडल सहा महिन्यांनी क्लॅम्पच्या, म्हणजे हँडल मधे आवळून धरणाऱ्या पकडीच्या, बाजूला चिरलं होतं, नशीब पार्किंगमधे काढताना हातात आलं, रस्त्यात नाही.

वागळेचा फिटर
मी वागळे इस्टेटमधे तेहतीस वर्षं लेथ आणि पाइप बेंडिंगवर काढली, त्यामुळे यावर थोडं लिहितो, लांबलं तर चालवून घ्या.

हँडलचा पाइप कंपनीत थंड असतानाच मशीनवर वाकवतात, डायवर, आतून आधार देऊन, म्हणून बेंडच्या जागी पाइप गोल राहतो. तुमच्या गॅरेजवाल्याने लाल केला म्हणजे त्या जागेची ताकद गेली, वर क्रोम जळून निळं पडलं असणार, बघा, आणि सरळ करताना पाइप त्या जागी थोडा चपटा झाला असणार. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर दोन दिशांनी मोजा, चांगल्या जागी २२ मिमीच्या आसपास येईल आणि सरळ केलेल्या जागी एकीकडून कमी, दुसरीकडून जास्त. कागदावर क्रोमची निळी पट्टी आणि चपटेपणा एवढ्या दोन गोष्टी लिहा, हँडल भंगारात टाकायला एवढं पुरे.

पण मला त्याहून दुसरीच शंका येते. गाडी पडली तेव्हा धक्का फक्त हँडलने खाल्ला असं नसतं. डाव्या बाजूला पडली की हँडलचं टोक जमिनीला टेकतं आणि ते सगळं टीला, म्हणजे चिमट्याचे पाइप धरणाऱ्या आडव्या पट्टीला, पिळतं. चिमट्याचे, म्हणजे पुढचं चाक धरणारे, दोन पाइप वरच्या आणि खालच्या टीमधे नुसते आवळलेले असतात, ते आतल्या आत थोडे फिरतात. पाइप वाकलेले नसतात, फक्त पिळलेले असतात. मग चाक सरळ असतं तेव्हा हँडल तिरकं, आणि हँडल सरळ धरलं की गाडी एका बाजूला. तुम्ही नवीन हँडल लावलं तरी डावा हात पुढेच राहील. त्यामुळे एक पैसाही खर्च करायच्या आधी हे तपासा.

साधी पद्धत सांगतो. खिडकीच्या काचेचा एक सपाट तुकडा घ्या, वीतभर रुंद, कडा घासलेल्या. चिमट्याच्या दोन्ही पाइपवर समोरून टेकवा, खालच्या टीच्या खाली, जिथे उघडा क्रोम दिसतो तिथे. काच चारही कोपऱ्यांना बसली पाहिजे. एक कोपरा दाबल्यावर दुसरा उचलला आणि टकटक वाजलं तर चिमटा पिळलेला आहे. जेवढा डुगडुगेल तेवढा पीळ.

ऐरोली सेक्टर ८
काकांनी काचेचं सांगितलं ते सोनं आहे, मी माझ्या सीबीझेडला असंच केलं होतं, तीन गॅरेजवाल्यांनी कोनसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग) बदला म्हणून सांगितलं होतं आणि निघाला चिमट्याचा पीळ.

राईडर ००७
मी ऑफिसमधला मित्र नाही पण झीरो हँडलच्या बाजूने बोलतो, माझ्या स्प्लेंडरला लावलंय दोन वर्षं झाली, लूक एकदम भारी येतो, गाडी पुढून बारीक दिसते आणि ट्रॅफिकमधे कुठूनही निघते. माजिवड्याला मेट्रोच्या पत्र्यांमुळे जी चिंचोळी लेन राहिलीये ना तिथे मोठ्या हँडलवाले रिक्षाच्या आरशात अडकतात, मी निघून जातो. घोडबंदरवाला दादा लावून बघा एकदा, पसंत नाही पडलं तर काढा.

दिघ्याचा टू स्ट्रोक
राईडर भावा, तुझी स्प्लेंडर, तुझं अंतर किती? त्याला एका बाजूने पंचवीस किलोमीटर आहे आणि आधीच बोटं बधिर होतायत. झीरो हँडलला हात खाली आणि पुढे जातात, म्हणजे अंगाचं वजन सगळं तळहातावर. आणि आरएक्सची टाकी लांब आहे, पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकी आणि ग्रीपच्या मधे येतो का ते आधी बघावं लागेल. सोसायटीच्या पार्किंगमधे यूटर्न मारताना अंगठा अडकला की गाडी सोडायचीच वेळ येते. अरुंद हँडलचा अजून एक मुद्दा, हाताला पट, म्हणजे वळवायचा जोर, कमी मिळतो. गाडी हलकीच आहे, चालेल, पण मागे बसायला कोणी असेल तेव्हा हळू वेगात तोल सांभाळायला रुंद हँडलच बरं पडतं.

राईडर ००७
माझं अंतर आठ किलोमीटर आहे. ठीक आहे, लांबच्यासाठी नसेल चांगलं, मान्य.

नेरूळची सायली
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः पॅशन चालवते, म्हणून बोटांबद्दल लिहिते कारण त्याकडे कोणी वळलेलं दिसत नाही.

करंगळी आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर होतं म्हणजे अल्नर नावाच्या नसेवर दाब येतोय. ही नस कोपराच्या मागून येते, कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच, आणि मनगटाशी तळहाताच्या बाहेरच्या कडेने, करंगळीच्या बाजूने आत शिरते. ग्रीपवर तळहाताची नेमकी तीच कड दाबली गेली की तासाभरात बोटं झोपतात. लांब सायकल चालवणाऱ्यांना हे खूप होतं, त्याला हँडलबार पाल्सी असं नावच आहे. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर झालं असतं तर ती दुसरी नस, मीडियन, तिचं कारण बहुतेक मनगट वाकवून क्लच दाबत राहणं असतं.

तुमचं फक्त डाव्या हाताला होतंय, आणि पडल्यानंतर सुरू झालंय. म्हणजे डावी ग्रीप अशा कोनात आलीये की तळहाताची बाहेरची बाजू जास्त दाबली जाते. हँडल उंच केल्याने हे जाईलच असं नाही. ग्रीपचा मागे वळलेला कोन महत्त्वाचा. उभे राहा, हात सैल सोडा, मग कोपर वाकवून मुठी समोर आणा. मुठी सरळ आडव्या येत नाहीत, थोड्या आत आणि खाली झुकलेल्या येतात. हँडलची टोकं त्या कोनाला जेवढी जुळतील तेवढा दाब कमी.

आणि क्लचचा लिव्हर किती वर आहे तेही बघा. सीटवर बसून बोटं सरळ केली की हाताच्या, मनगटाच्या आणि बोटांच्या एकाच रेषेत लिव्हर आला पाहिजे. बऱ्याच गाड्यांना तो आडवाच आवळलेला असतो आणि दर क्लचला मनगट उचलावं लागतं. कळवा पुलावर संध्याकाळी किती वेळा क्लच दाबतो आपण, तुम्हीच मोजा.

गाडीवरून उतरल्यावर अर्ध्या तासात बोटं पूर्ण जागी होत नसतील किंवा पकड कमी झाल्यासारखी वाटत असेल, बटण लावताना चावी फिरवताना, तर मात्र डॉक्टरला दाखवा, हँडल बदलून वाट बघत बसू नका.

घोडबंदरवाला
सायली ताई, खूप आभार, हे कोणीच सांगितलं नव्हतं. उतरल्यावर पाच दहा मिनिटात बोटं ठीक होतात, पकड व्यवस्थित आहे.

फिटर काका, आज संध्याकाळी काच टेकवली. वरचा डावा कोपरा दाबला की खालचा उजवा उचलतो, टकटक आवाज येतो, एका नाण्याची जाडी आत जाईल एवढी फट आहे. आणि हो, क्रोमवर निळी पट्टी आहे, मी आत्तापर्यंत तो गंज समजत होतो. ग्रीप काढली डावी, तर आतून लाल भुकटी पडली, चहाच्या चमचाभर. म्हणजे आतूनही गेलंय का?

वागळेचा फिटर
गेलंय. हँडलची टोकं उघडी असतील, ग्रीप टोकाला फाटलेली असेल तर पावसाचं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. आतून क्रोम नसतंच, साधं लोखंड असतं. तीस वर्षं आणि आपल्याकडची खाडीची हवा. नवीन घ्याल तेव्हा टोकाला प्लग बसवा, आणि बसवायच्या आधी पाइप उभा धरून आत थोडं ऑइल फिरवून निथळून घ्या. फक्त ग्रीप बसते तो बाहेरचा भाग पेट्रोलने पुसून कोरडा ठेवा, तिथे तेल राहिलं तर ग्रीप हातात फिरेल.

चिमट्याचं असं करा. गाडी मेन स्टँडवर, पुढचं चाक थोडं हवेत. आधी अ‍ॅक्सल ढिला, मग खालच्या टीचे बोल्ट, मग वरचे, काढायचे नाहीत, फक्त पीळ सुटेल इतके ढिले. चाक दोन्ही गुडघ्यांमधे धरा आणि हँडल पकडून विरुद्ध बाजूला ओढा, काच परत टेकवून बघा, बसली की खालचे बोल्ट आवळा, मग गाडी स्टँडवरून खाली घेऊन पुढून चार पाच वेळा दाबा म्हणजे चिमटा आपल्या जागी बसतो, मग वरचे बोल्ट आणि शेवटी अ‍ॅक्सल. परत काच. एकट्याने करू नका, कोणाला तरी धरायला घ्या.

पामबीच बुलेट
थोडं वेगळं मत मांडतो. मी बुलेटला उंच हँडल लावलं होतं, पाठीसाठीच, आणि आठ महिन्यांनी काढलं. पाठ सरळ झाली की खड्ड्याचा हादरा हातात वाटला न जाता थेट कमरेत जातो. थोडं पुढे झुकलेलं असलं की कंबर, हात, पाय तिघं मिळून खातात. आणि पामबीच रोडवर साठच्या पुढे वारा छातीवर घेतो, मग तोल जाऊ नये म्हणून हँडल घट्ट ओढून धरावं लागतं, अर्ध्या तासात खांदे भरून येतात. उंच केल्यावर पुढच्या चाकावरचं वजनही कमी होतं, बुलेट जड आहे म्हणून चालून गेलं, आरएक्सचं सगळं मिळून वजन शंभर किलोच्या आसपास, पुढून आधीच हलकी असते ती, गिअर टाकून एक्सलेटर दिला की पुढचं चाक उचलायला बघते.

अ‍ॅल्युमिनियमचा विचार करणार असाल तर एवढंच सांगतो, गंजत नाही हे खरं पण ते वाकून इशारा देत नाही, एकदा पडलेलं हँडल दिसायला चांगलं असलं तरी फेकायचं. लोखंडी वाकतं, दिसतं, बदलता येतं. रोजच्या जुन्या गाडीला लोखंडी क्रोमच बरं.

दिघ्याचा टू स्ट्रोक
उंच हँडलचा सगळ्यात मोठा मुद्दा राहिला तो आता सांगतो, कारण आरएक्सवाले इथेच फसतात. केबल.

आरएक्सला पुढचा ब्रेक ड्रम, म्हणजे केबलवर. क्लच केबलवर. आणि एक्सलेटरची केबल हँडलपासून एक निघते आणि खाली दोन होते, एक कार्ब्युरेटरला आणि दुसरी ऑइल पंपाला. ऑटोल्यूब म्हणतात ते हेच, जेवढा एक्सलेटर तेवढं टू टी ऑइल, म्हणजे टू स्ट्रोक इंजिनाचं वंगण. आता हँडल तीन इंच उंच केलं तर या तिन्ही केबल तीन इंच कमी पडतात. लोक काय करतात, केबल ताणून बसवतात, अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घालून. सरळ रस्त्यावर गाडी बरी चालते. हँडल पूर्ण वळवलं की केबल ओढली जाते आणि एक्सलेटर आपोआप वाढतो. यूटर्नला गाडी तुमच्या मनाविरुद्ध पुढे जाते.

आणि मग कोणीतरी पंपाची केबल ढिली करून कार्ब्युरेटरची बरोबर करतो, झालं, पंप उघडतच नाही पुरता, ऑइल कमी जातं आणि पिस्टन जाम. पंपाच्या चाकावर खूण असते, ती जुळवून केबल सेट करतात, हँडल किंवा केबल काहीही बदललं की कव्हर उघडून ती खूण बघायचीच बघायची. ज्यांनी पंप काढून पेट्रोलमधेच ऑइल मिक्स करायचं ठेवलंय त्यांना ही भानगड नाही, पण ब्रेक आणि क्लच आहेच.

म्हणून माझं मत, कंपनीच्या उंचीचंच घे. फार तर टोकं थोडी जास्त मागे वळलेली बघ, ताईंनी सांगितलेल्या कोनासाठी. ओरिजिनल केबल आहेत तशा बसतात.

घोडबंदरवाला
पंप चालू आहे आमचा, बाबांनी काढू दिला नाही कधी. म्हणजे उंच हँडल बाद.

कळव्याची पोरं
कागदाचा पण विचार करा दादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे गाडीत फेरफार करण्यावर बंधन आहे, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही असंच सांगितलं, आणि त्याच वर्षी कायदा बदलला तेव्हा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड आला. १९९३ ची गाडी म्हणजे २००८ ला पंधरा वर्षं झाली, मग दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू, २०२३ ला केली असेल तर पुढची २०२८. तेव्हा इन्स्पेक्टर गाडी समोर उभी करून बघतो. ओरिजिनलच्या मापाचं हँडल असेल तर माझ्या काकांच्या गाडीला कोणी विचारलंही नाही. हातभर उंच किंवा क्लिप ऑन (थेट चिमट्याच्या पाइपला लावायचं हँडल) लावून गेलात तर काढून परत या म्हणतील, मग सुट्टी वाया.

घोडबंदरवाला
बरोबर, २०२३ लाच केली. आता मोजायचं कसं ते सांगा कोणीतरी. माझं जुनं हँडल तर वाकून सरळ केलेलं, त्याच्यावरून माप घेऊन काय उपयोग.

ऐरोली सेक्टर ८
उजवी बाजू वाकलेली नाही ना, मग अर्धं माप तुझ्याकडे आहे. जाड जीआय तार घे, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, हँडलच्या मधल्या खुणेपासून उजव्या टोकापर्यंत पाइपवर दाबत दाबत वाकव. ती तार कार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलने काढ, मग कागद उलटा करून दुसरी बाजू काढ. पूर्ण हँडलचा नकाशा तयार. वरून बघताना एक आणि समोरून बघताना एक असे दोन काढ, कारण हँडल वर पण जातं आणि मागे पण येतं. दुकानात जाताना तोच कागद गुंडाळून ने, दुकानदार तोंडाने आरएक्सचंच आहे म्हणेल, कागदावर ठेवलं की कळतं.

आणि जर टोकं थोडी मागे हवी असतील तर किती ते असं ठरव. गाडी मेन स्टँडवर, रोजचे बूट आणि जॅकेट घालून बस, डोळे मिट, दोन्ही हात चालवायला ठेवतोस तसे हवेत आण. कोणाला तरी सांग मुठी कुठे आल्या ते मोजायला. पाच वेळा कर, पाचही वेळा जवळपास एकाच जागी येतात.

वागळेचा फिटर
उत्तम. त्यात तीन गोष्टी जोडा. पाइप २२ मिमीचा घ्या, म्हणजे पाऊण इंचाच्या वरचा, सात अष्टमांश इंच. क्रूझर गाड्यांचा एक इंची असतो, तो क्लॅम्पमधे बसणार नाही आणि कोणी पत्रा घालून किंवा क्लॅम्प घासून बसवून देतो म्हणाला तर तिथून निघा. दुसरं, डाव्या स्विचच्या आत बारीक पिन असेल तर ती हँडलच्या भोकात बसते, म्हणजे स्विच फिरत नाही. नव्या हँडलला भोक नसेल किंवा चुकीच्या जागी असेल तर काही लोक पिनच कापतात. पिन कापू नका, जागा नीट मार्क करून भोक पाडा आणि कानस मारा, कडेने चीर सुरू होता कामा नये.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. मधे जिथे क्लॅम्प येतो तिथे नर्लिंग पाहिजे, बारीक दाणेदार पट्टा. बोट फिरवलं की कानशीसारखं लागलं पाहिजे. स्वस्तातल्या पाइपला तिथे सरळ गुळगुळीत क्रोम असतं. जोरात ब्रेक मारताना अंगाचं वजन हँडलवर येतं आणि गुळगुळीत पाइप क्लॅम्पमधे गर्रकन पुढे फिरतो. माझ्या डोळ्यासमोर साकेतच्या वळणावर एक मुलगा असा पडलाय, हँडल तुटलं नव्हतं, फक्त फिरलं होतं.

घोडबंदरवाला
शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन आलो. पहिल्या दुकानात आरएक्सचंच म्हणून जे दिलं ते कागदावर ठेवलं तर दोन बोटं अरुंद निघालं. दुसऱ्याकडे माप बरोबर, चकचकीत, पण मधे बोट फिरवलं तर आरशासारखं गुळगुळीत. मी नर्लिंग विचारलं तर तो म्हणाला बोल्ट टाइट करा, काही होत नाही. काकांचा साकेतचा मुलगा आठवला, ठेवून दिलं. चौथ्या दुकानात मिळालं, दाणे आहेत, स्विचचं भोक आहे, उंची कागदाशी जुळते आणि टोकं अंगठ्याएवढी जास्त मागे आहेत. सातशे रुपये पडले. उद्या पिळाचं काम आणि हँडल दोन्ही, खालच्या मजल्यावरचा मित्र धरायला येतोय.

नेरूळची सायली
छान. ग्रीप घेताना खूप जाड फोमची घेऊ नका, हात मोठा नसेल तर जाड ग्रीप धरून ठेवायलाच जास्त जोर लागतो.

दिघ्याचा टू स्ट्रोक
बसवताना वरच्या क्लॅम्पवर ठिपका किंवा बाण असेल तर तो पुढे, पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळ मग मागचे, अशाने फट राहिली तर ती मागच्या बाजूलाच. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २३ न्यूटन मीटर, टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर, त्यावर पाइप घालून नको. आणि शेवटी गाडी चालू करून न्यूट्रलमधे हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. आवाज बदलता कामा नये.

घोडबंदरवाला
झालं मंडळी. पूर्ण रविवार गेला.

पीळ सुटला, तिसऱ्या वेळेला काच बसली, कुठलाही कोपरा दाबा आवाज नाही. हँडल बसवलं, लिव्हर खाली घेतला बोटांच्या रेषेत. चालू करून उजवीकडे वळवलं, ठीक. डावीकडे शेवटपर्यंत नेलं आणि इंजिनाचा आवाज चढला. पोटात गोळा आला कारण केबल तर त्याच होत्या. टॉर्च मारून बघितलं तर एक्सलेटरची केबल बसवताना माझ्याकडून हेडलाइटच्या डोमच्या पुढून गेली होती, पहिले ती मागून, टीच्या जवळून जायची. परत काढून जागेवर घेतली, आता दोन्हीकडे आवाज एकसारखा. पंपाचं कव्हर उघडून खूण बघितली, किंचित हलली होती, जुळवली.

आज सोमवार, ऑफिसला जाऊन आलो. महाप्याला उतरलो तेव्हा आधी बोटंच हलवून बघितली. दोन्ही हात सारखे. येताना विटाव्याला पुलाखाली एक रिक्षा एकदम थांबली, कचकचीत ब्रेक मारला, हँडल जागचं हललं नाही. घरी आल्यावर बाबा खाली आले, गाडीवर बसले, दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले आधीपेक्षा थोडं मागे घेतलंयस का. न सांगता ओळखलं त्यांनी.

वागळेचा फिटर
शाब्बास. शंभर एक किलोमीटर झाले की क्लॅम्पचे बोल्ट एकदा परत तपासा, नवीन क्रोम थोडं बसतं.

राईडर ००७
दादा तो कार्डबोर्डचा नकाशा आहे का अजून? माझ्या स्प्लेंडरचं ओरिजिनल हँडल मी विकून टाकलं होतं, आता परत तसंच लावायचा विचार करतोय, पुढच्या महिन्यात माझी ड्यूटी तुर्भ्याला लागतेय.

घोडबंदरवाला
आहे, पण तो आरएक्सचा. पाइपची जाडी तीच असली तरी वळण आणि स्विचचं भोक वेगळं येईल. तुमच्या बिल्डिंगमधे कोणाची तरी स्टॉक स्प्लेंडर असेलच, तिच्यावरून तार वाकवून घे. तार उरलीये माझ्याकडे दोन मीटर, ठाण्यात असशील तर घेऊन जा.

राईडर ००७
गुरुवारी येतो.